बाळाच्या जिन्यातलं टिंब

(दुपार. बाळ पाळण्यात झोपलंय. दाराची कडी खडखडते.)

आई : टिल्ले, धाव! कडी वाजवू नका म्हणून सांग. आत्ता कुठे बाळाचा डोळा लागलाय.

लेक : मावशी आलीये! धापा टाकतेय.

मावशी : ताई, फोन का उचलत नाहीस गं?

आई : आवाज बंद केलाय. बाळ झोपलं तेवढ्यात छापखान्याची प्रुफं तपासायला काढून बसले होते. काय झालं? डॉक्टर काही...

मावशी : सापडलं! बाळाला झटके कशामुळे येतात ते सापडलं! डॉक्टर म्हणाले, तुमची ताई फोन घेत नाही, तुम्हीच पळा. प्रयोगशाळेतला कोटसुद्धा काढला नाही बघ.

आई : औषध आहे का? तेवढं आधी सांग.

मावशी : आहे! साधं जीवनसत्त्व. रोज एक गोळी.

आई : गोळी? नुसती गोळी?

मावशी : पाण्यात विरघळवून. डॉक्टरांनी दिलीय, घेऊनच आलेय. आयुष्यभर घ्यावी लागेल, पण झटके थांबतील म्हणाले.

लेक : मावशी, आई रडतेय का हसतेय?

मावशी : दोन्ही. करू दे तिला.

लेक : पण सापडलं कुठे?

मावशी : बाळाच्या जीनोममध्ये.

लेक : कुठल्या जिन्यामध्ये?

मावशी : अगं, जीनोम! नाहीतर थांब, जिनाच म्हण. दिसतोही तसाच, पीळ दिलेल्या गोल जिन्यासारखा. पायरीपायरीवर अक्षरं. अक्षरं चारच, पण पायऱ्या तीन अब्ज!

लेक : बापरे! एवढा जिना बाळात मावतो?

मावशी : मावतो म्हणजे? डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा पेशीत अख्खा मावतो, आणि अशा पेशी अंगभर. तुझ्यातही आहे. मुंगीत मुंगीचा, त्या कुंडीतल्या झाडात झाडाचा. अंग कसं घडवायचं, कसं चालवायचं, सगळं त्यात लिहिलेलं. नाकाची पेशी नाकापुरतं वाचते, रक्ताची रक्तापुरतं.

आई : आणि आमच्या बाळाच्यात काय चुकलंय?

मावशी : तुझ्याच भाषेत सांगते. एक अनुस्वार पडलाय.

आई : एवढ्या सगळ्यात एक?

मावशी : एकच! वापरलेलं जीवनसत्त्व सोडवून पुन्हा कामाला कसं लावायचं, ते नेमकं त्या ओळीत होतं. आता त्या ओळीचा अर्थच लागत नाही.

आई : टिल्ले, परवा मी एकटीच खो खो हसत होते, आठवतं? ‘बाळ आईच्या माडीवर झोपलं’ असं प्रुफात छापलं होतं.

लेक : मांडीवर! टिंब राहिलं होतं! आणि मी म्हटलं, मग बाळाला जिना लागेल!

मावशी : घ्या, जिनाही आलाच!

आई : पण हे टिंब पाडलं कुणी?

मावशी : तू नाही पाडलंस, ताई. तशी बघू नकोस. तुमचं दोघांचं रक्त घेतलं होतं ना? हा मजकूर प्रत्येकाकडे दोन प्रतींत असतो. एक आईकडून आलेली, एक बाबांकडून. तुझ्यातली एक प्रत चुकीची, भावजींचीही एक. दुसरी बरोबर असली की भागतं, म्हणून तुम्ही दोघं ठणठणीत. बाळाला मात्र दोन्हीकडून नेमकी चुकीचीच आली.

लेक : आणि मला?

मावशी : तुला एक तरी बरोबर आलीच असणार. नाहीतर अशा टणाटण उड्या मारल्या असत्यास होय?

आई : उठलाच बघ लबाड! टिल्ले, चमचा आण. बाळाचा, छोटा. घे राजा... घे... गिळलं! थुंकलं नाही! गिळलं गं!

मावशी : आणि भुवई कशी उडवतोय, सेम तू, ताई! तेही त्या जिन्यातलंच, बरं का.

लेक : आई.

आई : काय गं?

लेक : तुझ्याकडे बरोबरवाली पण होती ना?

आई : होती की.

लेक : मग बाळाला ती का नाही दिलीस?