गाठीची सुतळी

सुतार असून माझ्या पिशवीत टेप का नाय, असं तुम्ही नेहमी विचारता. अहो, मला आकडे वाचता येत नाहीत. मी सुतळीला गाठी मारूनच माप घेतो.

गेल्या दिवाळीत फुलंब्रीला एका नव्या घराच्या दारांना लाकडी पट्ट्या बसवायच्या होत्या. पाडव्याला त्यांचा गृहप्रवेश होता. मापं घेऊन मी हर्सूलला घरी आलो. सकाळी बघतो तर पिशवीत सुतळीच नाय! ओट्यावर नातीचा आकाशकंदील लटकत होता, माझ्याच सुतळीला. वर प्रत्येक गाठीला तिनं कागदाची झिरमिळी चिकटवलेली.

"चिऊ, सोड बाई ती सुतळी. लाकडाचं दुकान दुपारपासून दिवाळीसाठी बंद होतंय."

"नाय आबा! माझा कंदील फाटंल."

पुन्हा फुलंब्रीला जाऊन यायला वेळ नव्हता. मग कंदील अन् नात, दोघांना रिक्षात घालून क्रांती चौकाजवळच्या दुकानात नेलं.

दुकानदार म्हणाला, "अरे चाचा, मिरवणूक काढली का?"

"माप आणलंय," मी म्हणालो.

नातीनं कंदील उंच धरला अन् झिरमिळी ते झिरमिळी मोजून त्यानं पट्ट्या कापल्या. दारांना त्या लई नेमक्या बसल्या.

लेकानं त्याच संध्याकाळी मला नवा टेप आणून दिला. नातीनं तो ओढून पाहिला, तर सर्रकन आत गेला.

"आबा, ह्याला कंदील कसा टांगायचा?"

मी टेप लेकाला परत दिला अन् सुतळीचा नवा गुंडा आणला. अर्धा तिचा, अर्धा माझा.