अर्धंच तळं

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात, हात गळ्यात बांधलेली एक शिक्षिका आपल्या नंबराची वाट पाहत होती. शेजारी गोल्फची मैदानं आखणारी, नकाशा मांडीवर पसरलेली सून आणि काठी टेकून बसलेले सासरे यांची चांगलीच जुंपली होती.

"समिती म्हणते, शेवटच्या होलपुढे या कडेपासून त्या कडेपर्यंत तळं हवं. अजिंक्यपदाची स्पर्धा आहे म्हणे," सून म्हणाली.

"मग काढ की! संध्याकाळी नकाशा द्यायचाय ना?"

"नाही काढणार. मग सगळे एकसारखाच फटका मारतील, त्यात डोकं कुठे लागतं? मी डावीकडे गवताची वाट सोडलीय. पाण्यावरून मारलं तर एक फटका वाचतो, पण चेंडू बुडायची भीती; कडेने गेलं तर भीती नाही, पण एक जास्त लागतो."

"म्हणजे भित्र्यांची सोय."

"उलट! अव्वल खेळाडूला पाणी छळत नाही, बाबा. मारू की नको, हे छळतं."

"आणि माझ्यासारख्याला?"

"सगळीकडे पाणी केलं, तर तुम्ही पुन्हा तिथे खेळाल?"

सासऱ्यांनी नकाशातल्या गवताच्या वाटेवर बोट ठेवलं.

"त्या वाटेवर एक वाळूचा खड्डा टाक. फुकटात नको मला."

"टाकते. आणि समितीला?"

"ठणकावून सांग."

"आजोबा, या आत," नर्सने हाक मारली. "भिंतीवरचा आधाराचा दांडा धरून येताय, की मधून सरळ?"

"आज दांडा धरून. पण मधली वाट मोकळी ठेवा हं, पुढच्या खेपेला लागेल."

शिक्षिकेने मधे ठेवलेली आपली पिशवी उचलून खुर्चीखाली सरकवली.