दबक्या आवाजातली तक्रार

दर्शना : म्हणजे मूल एकटं गॅलरीच्या कठड्याकडे गेलं, हे तुम्ही स्वतः पाहिलंत?

ललिता : स्वतः म्हणजे? दोनदा पाहिलं. रात्री एकदा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रिपीटला.

दर्शना : टीव्हीवर.

ललिता : टीव्हीवरच. ‘बाळांची बाळं’मध्ये. विशीतली आईबापं असतात सगळी, चोवीस तास कॅमेरा मागे. तुम्ही नाही बघत?

दर्शना : मी बालसंरक्षणाच्या कामात आहे, काकू. तो कार्यक्रम सुरू झाल्यापासून मला टीव्ही बघायला वेळ मिळत नाही.

ललिता : बघा हो. गिरगावचं एकच जोडपं आहे त्यात. आमची रश्मी आणि उन्मेष. ती एकवीस, तो बावीस, आणि ओवी दीड वर्षाची.

दर्शना : आणि रश्मी राहते कुठे?

ललिता : ही काय, शेजारी. भिंतीला भिंत. तिनं खोबरं किसलं तर मला इथे ऐकू येतं.

दर्शना : मग हेल्पलाइनला फोन करण्याआधी तुम्ही जाऊन तिला विचारलं नाहीत?

ललिता : काय विचारणार? इथून बघितलं तर सगळं ठीकच वाटतं. टीव्हीवर नीट कळतं. तो धोक्याचा भोंगा वाजतो, पडदा लाल होतो, मग ते बालतज्ज्ञ नुसती मान हलवतात. मत मात्र मी रश्मीलाच देते हं. दर आठवड्याला. आपल्या चाळीतली पोरं.

दर्शना : तुमची तक्रार तातडीची म्हणून माझ्याकडे आली. फोन घेणाऱ्या मुलीनं शेरा मारलाय, ‘तक्रारदार दबक्या आवाजात बोलत होत्या. घाबरलेल्या वाटल्या.’ तुम्हाला कोणी धमकावलं होतं का?

ललिता : मला? माझगावला गोदीच्या ऑफिसात जन्म काढला मी. तिथले मुकादम मला घाबरायचे.

दर्शना : मग दबका आवाज कशासाठी?

ललिता : ओवी झोपली होती ना.

दर्शना : ओवी? जिच्याबद्दल तक्रार आहे ती?

ललिता : तीच. मांडीवर झोपली होती. जरा मोठ्यानं बोललं की दचकते. त्या फोनवरच्या मुलीला धड ऐकू जाईना, एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली.

दर्शना : एक मिनिट, काकू. आई रोज दुपारी मुलीला टाकून जाते, अशी तुमची तक्रार आहे.

ललिता : जातेच. त्या भागात दाखवलं ना. पर्स उचलली, दार ओढलं आणि गेली. पुढे पोर एकटी.

दर्शना : आणि रोज दुपारी पोर असते कुठे?

ललिता : माझ्याकडे.

दर्शना : आत्ता?

ललिता : त्या पडद्यामागे. म्हणून तर आलात तेव्हा म्हटलं, दार हळू लावा.

(दर्शना पडदा जरासा बाजूला करून पाहते आणि परत येऊन बसते.)

दर्शना : माझ्या मोबाइलवर तो भाग आहे. बघा. इथे थांबवते. ओवी कठड्याकडे बघतेय का?

ललिता : नाही. गॅलरीच्या टोकाकडे बघतेय.

दर्शना : चेहरा कसा आहे?

ललिता : हसतेय. पण भोंगा वाजतोय तर हसेल कशी?

दर्शना : भोंगा नंतर टाकतात. आता चौकटीच्या कडेला बघा. साडीचा काठ दिसतोय.

ललिता : नारळी काठ. ही तर... अगं बाई, ही मी! त्या दिवशी टोकाला बसून तिला बिस्किट दाखवत होते. ‘ये, ये’ करत होते. रोजचा खेळ आहे आमचा.

दर्शना : तुम्हाला त्यांनी कापलंय.

ललिता : सगळीच? चेहरासुद्धा? शूटिंग आहे म्हणून केस रंगवले होते मी!

दर्शना : काकू, आवाज.

ललिता : हो, हो. पण बघा ना. माणूसच काढून टाकायचं म्हणजे काय!

दर्शना : माणूस काढलं की मूल एकटं दिसतं. आणखी एक विचारते. येताना मी कठडा पाहिला. त्याचा एक गज नाहीये. दीड वर्षाचं मूल आरपार जाईल एवढी फट आहे. ते तुमच्या तक्रारीत नाही.

ललिता : तो गज होय! तो केव्हाचा गेलाय. चाळ पाडायचीच आहे म्हणून कोणी बसवत नाही. शूटिंगवाल्यांनी तिथे जास्वंदीची कुंडी ठेवली होती, छान दिसायचं. मग जाताना घेऊन गेले.

दर्शना : त्याच्यासाठी भोंगा नाही वाजला?

ललिता : कुंडी होती ना तिथे.

दर्शना : आज तिथे काहीतरी आडवं घट्ट बांधा. मी गेल्याबरोबर.

रश्मी : (दारातून आत येत) काकू, उठली का ओवी? यार, खाली चॅनेलची गाडी लागलीय, जिन्यातून यायला देईनात. ह्या कोण?

ललिता : रश्मी, ह्या दर्शना मॅडम. सरकारी आहेत. बस तू आधी.

रश्मी : तुम्हीच का त्या! मी घरी वाट बघणार होते तुमची. मॅडम, मी तिला टाकून जात नाही हो. परळला लॅब टेक्निशियनचा कोर्स करते. दुपारी प्रॅक्टिकल असतं, तेवढा वेळ ती इथे.

दर्शना : मला कळलंय ते. कार्यक्रमात तुम्ही सतत मोबाइल बघताना दिसता.

रश्मी : स्लाइडचे फोटो होते ते, जंतूंचे. परीक्षा होती माझी. त्यांनी त्याच्यावर लव्ह साँग टाकलं.

ललिता : गाणं चांगलं होतं पण.

रश्मी : काकू!

ललिता : नाही, मी आपलं सांगितलं.

रश्मी : तक्रार कोणी केली, मॅडम?

दर्शना : नाव सांगता येत नाही.

रश्मी : नका सांगू. असेल कोणीतरी रिकामटेकडी. दुपारभर टीव्हीसमोर बसायचं आणि दुसऱ्यांच्या पोरांची मापं काढायची.

ललिता : अगदीच रिकामटेकडी नसेल गं. काळजी वाटली असेल बिचारीला.

रश्मी : काळजी वाटली तर माणूस येऊन बघतं. दार वाजवतं.

ललिता : सुचलं नसेल.

रश्मी : तुम्ही कशाला तिची बाजू घेताय?

ललिता : मीच केला तो फोन, रश्मी.

रश्मी : काय?

ललिता : ते लाल झालं सगळं, आणि ओवी कठड्याकडे चाललेली. मला काही सुचेना.

रश्मी : तेव्हा ओवी कुठे होती?

ललिता : माझ्याजवळ.

रश्मी : वा. म्हणजे तिला सांभाळत होतात, आणि तिला कोणी सांभाळत नाही म्हणून फोन करत होतात.

दर्शना : रश्मी, रागवायला वेळ मिळेल. आधी माझं ऐका. काकूंनी जबाबात जे आहे ते सांगितलं, तर हे प्रकरण मी इथेच बंद करू शकते. ओवीला बालकल्याण समितीसमोर न्यायची गरज नाही.

रश्मी : थांबा. लगेच बंद नका करू.

ललिता : अगं, काय बोलतेस?

रश्मी : चॅनेलच्या प्रिती मॅडमचा फोन आला होता सकाळी. तक्रार आली म्हणून मला ‘काँग्रॅट्स’ म्हणाली. समितीपर्यंत गेलं तर दोन तासांचा स्पेशल एपिसोड करणार. आणि म्हणाली, नात हातची जातेय म्हटल्यावर तुझी आई येणारच.

दर्शना : आई कुठे असते तुमची?

रश्मी : शीवला. मी लग्न केलं तेव्हापासून बोलत नाही. ओवीला तिनं अजून हातात घेतलेलं नाही. टीव्हीवर बघत असेल. शेवटच्या भागात आईला आणतो म्हणाले, म्हणून तर आम्ही शोला हो म्हटलं. नाहीतर कोण घरात कॅमेरे घेईल? पण तिनं त्यांना नकार दिला. आता हे झालं तर येईल ती.

दर्शना : समितीत काय होतं ते सांगते. ओवीला तिथे हजर करावं लागेल. मग तुम्ही बाहेर, ती आत. चौकशी होईपर्यंत मूल संस्थेत ठेवा, असंही ते म्हणू शकतात.

रश्मी : काकू सांगतील ना त्यांना.

दर्शना : काकूंनी भाग दोनदा पाहिला आणि त्यात त्यांना स्वतःचा काठ दिसला नाही. समितीतही चांगली माणसं आहेत. पण हा फोनही चांगल्या माणसानंच केला होता.

रश्मी : आणि कॅमेरा?

दर्शना : तिथे कॅमेऱ्याला परवानगी नाही. मुलाची ओळख गुप्त ठेवायचा कायदा आहे.

रश्मी : ओवीची ओळख? परवा प्रभादेवीला देवळाच्या रांगेत लोक तिचे गाल ओढत होते.

दर्शना : तरी कायदा आहे.

रश्मी : म्हणजे आई आली, तरी कुठे येणार?

दर्शना : संस्थेच्या फाटकापाशी. तुम्हीही तिथेच उभ्या असाल.

रश्मी : बंद करा, मॅडम.

दर्शना : नक्की?

रश्मी : ओवीला दिवा बंद केला तरी झोप लागत नाही, कोणाचा तरी हात लागतो धरायला. फाटकातून कसा देणार मी हात? बंद करा.

दर्शना : काकू, सांगा. मी लिहिते.

ललिता : लिहा. ओवी रोज दुपारी माझ्याकडे असते. जेवते, झोपते, सगळं नीट आहे. तिची आई शिकायला जाते, उंडारायला नाही. आणि मला त्यांनी त्या भागातून कापलं.

दर्शना : शेवटचं वाक्य नाही लागणार.

ललिता : असू दे हो. राहू दे कुठेतरी नोंद.

दर्शना : बरं. सही करा इथे. मी निघते. खाली गाडीवाल्यांनी अडवलं तर?

रश्मी : मागच्या जिन्यानं जा. पुढच्या जिन्यावर त्यांनी लाइट लावलेत, तुम्ही रागानं वर येताना पाहिजे आहात त्यांना.

दर्शना : मी तर आधीच येऊन गेले.

रश्मी : ते म्हणतील, परत या.

ललिता : सांभाळून हं मॅडम, पायऱ्या उंच आहेत. गेल्या बिचाऱ्या, चहासुद्धा नाही घेतला. रश्मी, रागावलीस?

रश्मी : हो.

ललिता : उद्या आणशील ना तिला?

रश्मी : आणीन. प्रॅक्टिकल आहे. रागावलेय पण आणीन.

ललिता : उठवू तिला?

रश्मी : नको. झोपू दे. मी खाली जाऊन सांगते त्यांना, आज शूटिंग नाही. उद्याही नाही. उन्मेष बडबडेल थोडा, मग गप्प होईल.

ललिता : आणि आईचं गं? आता चॅनेल काही तिला आणायचं नाही.

रश्मी : काकू, इथून शीवला कुठली बस जाते हो?