दारावरच्या थापा

मी, गाद्यांच्या कारखान्यातील पहारेकऱ्याची बायको, वय ४४ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार कारखान्यामागील खोल्या, समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी यजमान व सासूबाईंसह राहते. शेजारच्या खोलीत धाकटे दीर राहतात. त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, कारखान्यात कापूस पिंजण्याच्या खोलीत कामाला होती.

वाऱ्याने कापूस उडतो म्हणून काम चालू असताना त्या खोलीला बाहेरून कडी घालतात. तसा हुकूम मालकांनी माझ्यासमोर यजमानांना दिला होता. जेवणाची सुट्टी जवळ आली की आतल्या बायका रोज दारावर थापा मारत. "कोतवालसाहेब, उघडा! आत म्हाताऱ्या झालो आम्ही!" असे जाऊ ओरडत असे, कारण कापसाने सगळ्यांचे केस पांढरे झालेले असत. यजमान म्हणत, "म्हाताऱ्यांना कसली घाई? बसा!" ही थट्टा नेहमीची होती. यंत्र चालू असले की शब्द ऐकू येत नाहीत, नुसत्या थापा येतात.

सोमवारी दुपारी मी यजमानांचा डबा घेऊन गेले. ते दाराशीच स्टुलावर जेवायला बसले. थापा सुरू झाल्या. यजमान म्हणाले, "आज म्हाताऱ्यांना फारच चेव आलाय." आम्ही दोघे हसलो. थापा वाढल्या, मग थांबल्या. "दमल्या," असे ते म्हणाले. मी त्यांना पाणी दिले. त्यानंतर दाराखालून धूर आला. यजमानांनी कडी काढली. त्यात त्यांचे दोन्ही हात भाजले. आतल्या तिघींपैकी एकही वाचली नाही. जाऊ दाराला लागूनच होती.

त्या वेळी आपण नळावर होतो, थापा ऐकल्या नाहीत, असे यजमानांनी सांगितले आहे. ते खरे नाही. कडीचा हुकूम नव्हता, असे मालक सांगतात. तेही खरे नाही.

हवालदारांनी मला समजावले की, साक्ष म्हणजे स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच. माणूस घरचा म्हणून कमी करायचे नाही, परका म्हणून वाढवायचे नाही. सासूबाईंचे म्हणणे वेगळे आहे. "साक्ष वैऱ्याविरुद्ध देतात गं. एक सून गेली, आता मुलगाही घालवतेस?" काल दिरांनी विचारले, "वहिनी, तिनं दार वाजवलं होतं का हो?" म्हणून आज आले.

यजमान इस्पितळात आहेत. हात बांधलेले असल्याने मी त्यांना भरवते. इथे येणार असल्याचे मी सकाळी भरवताना सांगितले. त्यांनी पुढचा घास घेतला नाही.

जबाब वाचून दाखवताना "हसलो" हा शब्द गाळू का, असे हवालदारांनी मला विचारले. गाळू नये. बाकीचेही मी सांगितले तसेच लिहिले आहे.