ओलं दार

फ्रेमवाल्याच्या दुकानात माझ्यापुढे भाऊ-बहीण उभे होते. भावाच्या हातात त्यांच्या जुन्या गल्लीचं तैलचित्र होतं.

“ताई, हात नको लावूस, ओलं आहे.”

“अजून? बाकी गल्ली तर खडखडीत वाळली.”

“आपलं दार तेवढं ओलं आहे. रोज उघडं रंगवतो, मग खरवडून बंद करतो.”

“त्यात कसला घोळ? मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बाबांनी माझ्या तोंडावर धाडकन लावलं ते. बंदच ठेव.”

“तुला बाहेरून तेवढंच दिसलं. मी आत होतो.”

“मग?”

“शेवटपर्यंत त्यांनी कुणाला कडी लावू दिली नाही. म्हणायचे, तिने ढकललं तर उघडलं पाहिजे.”

फ्रेमवाल्याने हात पुढे केला, “आणा, माप घेतो.”

“थांबा हो,” बहीण म्हणाली. “आमचं दार व्हायचंय अजून.”