ओल्सन वेलची पाटी

(दुपार. वाडीच्या मारुतीचा पार. मधोमध गव्हाचं टोपलं. उद्या सप्त्याचा काला.)

बद्रीनाथ: फ्लेक्स नाक्यावर चढलं बी, वर्षे. आता काहून तोंड पाडून बसलीस?

वर्षाराणी: तात्या, त्यावर काय छापलंय ते वाचलंत का तुम्ही?

बद्रीनाथ: वाचायचं काय त्यात, मीच सांगितलंय फ्लेक्सवाल्याला. 'वाडीची लेक, न्यूयॉर्क निवासी सौ. वर्षाराणी यांचा काल्याच्या दिवशी जाहीर सत्कार.' मागं उंच उंच इमारती. खाली माझा फोटो, हात जोडल्याला.

वर्षाराणी: मी न्यूयॉर्कला राहत नाही. येताना विमान बदललं तिथं, तेवढंच.

बद्रीनाथ: मंग पाय तर लागला ना तिथं.

तुळजाबाई: बद्री, जरा बाजूला सरक. तुझ्या सावलीनं खडे दिसंनात मला.

बद्रीनाथ: आक्का, तूच सांग तुझ्या भाचीला. सकाळपून ह्येच चाललंय हिचं.

वर्षाराणी: मी ओल्सन वेलला राहते. नेब्रास्का राज्यात. तेच नाव लिहा, नाहीतर उद्या मी स्टेजवर चढणार नाही. मी खाली बायांत बसेन.

बद्रीनाथ: ही काय बोलायची रीत झाली? पाटोद्याहून पाव्हणे यायलेत. महाराजांच्या कीर्तनानंतर तुझंच नाव पुकारायचंय. किती मोठं हाय त्ये तुझं ओल्सन?

वर्षाराणी: पंच्याण्णव.

बद्रीनाथ: पंच्याण्णव हजार. मंग लहान न्हाई की.

वर्षाराणी: हजार नाही. पंच्याण्णव माणसं.

बद्रीनाथ: ऐकलंस का आक्का? एवढे तर आपल्या रामेश्वरच्या लग्नात नुसते वाढपी होते.

तुळजाबाई: ऐकायले मी. ही अंगदच्या घरची मूठ. ही बायनाबाईची.

वर्षाराणी: आत्या, अंगदभाऊ तर ऊसतोडीला गेलेत ना? बायनाबाईच्या घरालाही कुलूप पाहिलं मी.

तुळजाबाई: कुलूप हाय म्हणून तर मी घालायले. उघड्या घरची बाई तिची तिची मूठ आणून टाकती. बंद उंबऱ्याची शेजाऱ्यानं टाकायची. सगळ्या उंबऱ्यांचे गहू टोपल्यात पडल्याबिगर काल्याची खीर शिजत न्हाई.

बद्रीनाथ: आन तोवर आक्का पाण्याला शिवत न्हाई. नेम हाय तिचा. तू मात्र आमाला गोष्टीत गुतवून ठिवलंस.

वर्षाराणी: मला हे ठाऊकच नव्हतं. काला व्हायचा तेव्हा आम्ही कायम ऊसतोडीला कारखान्यावर, पाचटाच्या कोपीत. मग आमच्या घरची मूठ कोण टाकायचं?

तुळजाबाई: कोण म्हंजे? मीच. दादा गेला, वहिनी गेली, तू तिकडं नांदायला गेलीस. कुलपाला गंज चढला, पर मूठ न्हाई चुकली. हे बघ, ही तुमच्या घरची. यंदा तू हायेस, तर तुझ्या हातानं टाक.

वर्षाराणी: टाकते.

तुळजाबाई: डोळे पूस आधी. गहू वले होतील.

बद्रीनाथ: ह्ये रडणं-बिडणं नंतर. माझी अडचण कुणी ऐकून घ्या. सात वरसं मी पाटोद्याच्या बाजारात सांगत फिरलो, आमची पुतणी अमेरिकेत हाय, पन्नासाव्या मजल्यावर राहती. आपल्या वाडीतला त्यो भारत सरपंचकीच्या पुढल्या निवडणुकीत माझ्या इरोधात उभा ऱ्हाणार. त्याला कळलं तर चारचौघांत म्हनंल, बद्रीनाथाची पुतणी साता समुद्रापार गेली आन तिथंबी वाडीतच नांदायली. माझी काय इज्जत राहील?

वर्षाराणी: पन्नासावा मजला तुम्हाला कुणी सांगितला?

बद्रीनाथ: कुणी न्हाई. तोंडात आला.

वर्षाराणी: आमच्या गावात सगळ्यात उंच काय असेल तर गव्हाचं कोठार. मी तिथंच कामाला आहे. ट्रक आला की गव्हाचा नमुना काढायचा, ओल बघायची. आणि गावाबाहेर त्याच्याहून उंच पवनचक्क्या. तुमचा जावई अभिमन्यू त्यांवर दुरुस्तीला चढतो, इथं पाटोद्याच्या माळावर चढायचा तसाच.

बद्रीनाथ: म्हंजे गहू आन पवनचक्की. मंग इथं काय वाईट होतं?

तुळजाबाई: बद्री, तिला बोलू दे. वर्षे, ओल्सन वेल म्हंजे काय गं? देवाचं नाव हाय का?

वर्षाराणी: नाही आत्या. वेल म्हणजे विहीर. ओल्सन नावाचा एक शेतकरी थंडीच्या देशातून आला, दीडशे वर्षांमागं. सगळा माळ कोरडा. त्यानं विहीर खणली, पाणी लागेना. बायको म्हणाली, अजून खण. लागलं तेव्हा त्यानं काठावर पाटी लावली, ज्याला तहान त्यानं प्यावं. ते पाणी बघून आणखी सात घरं आली. झाडं नव्हती, लाकूड नव्हतं, म्हणून गवतासकट मातीची ढेकळं कापून भिंती रचल्या.

तुळजाबाई: मातीचीच घरं. आपल्यासारखी.

वर्षाराणी: वरचं छतसुद्धा मातीचं. पावसात गळायचं.

बद्रीनाथ: त्या माळावर आधी कुणीच नव्हतं व्हय?

वर्षाराणी: होते. पॉनी नावाचे तिथले मूळ लोक होते. त्यांना सरकारनं तिथून दूर धाडलं. गावाच्या वेशीत एक दगड आहे, त्यावर तेवढं लिहिलंय.

तुळजाबाई: त्यांची मूठ कोण टाकतं?

वर्षाराणी: कुणी नाही टाकत, आत्या. नुसता दगड आहे.

तुळजाबाई: हं.

बद्रीनाथ: पुढं सांग. गाव वाढलं कसं आन रितं झालं कसं?

वर्षाराणी: रेल्वे आली आणि वाढलं. सहाशे माणूस झालं होतं. शाळा, बँक, दोन दुकानं. त्याच्या आधी टोळधाड येऊन गेली होती, नंतर धुळीची वादळं झाली, दिवसा कंदील लावायचे म्हणे. तरी लोक हलले नाहीत. मग ट्रॅक्टर मोठे झाले, माणसं कमी लागायला लागली. पोरं शहरात गेली. रेल्वे बंद, शाळा बंद. आता खानावळ तेवढी आहे, तीही बाया पाळीनं चालवतात. गुरुवार माझा. त्या दिवशी भाकरी आणि पिठलं.

बद्रीनाथ: गोरे लोक पिठलं खातेत?

वर्षाराणी: ठेचा मागून घेतात. मग रडतात.

तुळजाबाई: भाकरी थापायला शिकव त्यांला.

वर्षाराणी: हेलन आजीला शिकवलीय. ऐंशीच्या पुढची आहे, ओल्सनच्याच घरातली. भाकरी हातातून सुटत नाही तिच्या. गेल्या साली तिचा नवरा ऐन कापणीत आजारी पडला. सगळ्या शेतकऱ्यांनी आपापला उभा गहू सोडला आणि आधी त्यांचा काढून दिला. चार मशिनी एका रानात. बाया डबे घेऊन बांधावर.

बद्रीनाथ: ही तर इर्जिक झाली.

वर्षाराणी: मला तिथं आपला शब्दच आठवेना तात्या. बरं झालं बोललात.

बद्रीनाथ: आमच्या बापानं घातली होती शेवटची. त्याच्यानंतर वाडीत इर्जिक झाली न्हाई. आता समदे रोजानं पैसे मागतेत.

तुळजाबाई: हातभार लावायला तू तरी कुठं गेलास कुणाच्या बांधावर?

बद्रीनाथ: आक्का, तू गहू निवड.

वर्षाराणी: आमच्या वेशीवर एक पाटी आहे. गावाचं नाव, खाली लोकसंख्या. सरकारी पाटी वेगळी, ती कधी बदलते कधी नाही. ही गावाची स्वतःची. आकडा हेलन आजी हातानं रंगवते. कुणी वारलं तर लगेच खाली आणत नाही. त्याच्या रानातलं पीक निघेपर्यंत तो माणूस धरतात.

तुळजाबाई: शहाणी बाई हाय.

वर्षाराणी: मी गेले तेव्हा आकडा खालीच चाललेला. आरोही झाली तर किती वर्षांनी गावात लेकरू जन्मलं होतं. दवाखान्यातून आम्ही परत येत होतो. थंडी अशी की रस्ता दिसेना. वेशीवर बघते तर सगळा गाव उभा. म्हातारी शिडीवर, हातात ब्रश. चौऱ्याण्णव पुसून पंच्याण्णव केले तिनं, माझ्यासमोर. मग कुणीतरी चर्चची घंटा धरली ती सोडेचना.

बद्रीनाथ: थांब, थांब. आपल्या आरोहीसाठी?

वर्षाराणी: आरोहीसाठी.

बद्रीनाथ: गावाच्या पाटीवर आपल्या घरचं पोरगं चढलं?

वर्षाराणी: आकड्यानं चढलं.

बद्रीनाथ: आन ह्ये तू मला सात वरसांत सांगितलं न्हाईस?

वर्षाराणी: फोनवर तुम्ही एकच विचारायचात, कितवा मजला.

तुळजाबाई: घे. आता बोल.

बद्रीनाथ: काय बोलू? आमी वाडीत जन्मलो तवा कुणी काडी हलवली न्हाई. मी सरपंच झालो तवा गुलाल उधळला, त्योबी माझ्याच खर्चानं. आन ह्या पोरीसाठी परक्या मुलखात म्हातारी शिडी चढली. न्यूयॉर्कात चढली असती का कुणी?

वर्षाराणी: न्यूयॉर्कात शेजाऱ्याला कळलंही नसतं.

बद्रीनाथ: मंग तो भारत काय हसंल? मीच सांगतो त्याला, तुझं कोण हाय का कुठल्या पाटीवर? थांब, त्या फ्लेक्सवाल्याला लावतो. ...हां, बद्रीनाथ बोलतोय. अरे उतरवू नको, नाक्यावरच असू दे. नुसतं न्यूयॉर्कवर कागद चिटकव. ...व्हय, इमारतीबी झाक. माझा फोटो ऱ्हाऊ दे. ...काय लिहू म्हंजे? लिही, ओल्सन वेल. ओ-ल्स-न. विहिरीचं गाव हाय, नीट लिही. आन खाली लोकसंख्या टाक, मोठ्या अक्षरात. ...अरे पायजे म्हणून पायजे. धर जरा. वर्षे, किती सांगू?

वर्षाराणी: तसे पंच्याण्णव. पण आज ब्याण्णवच म्हणा तात्या. मी इथं, अभिमन्यू आणि आरोही सासरी चौसाळ्याला. तिघं कमी.

तुळजाबाई: घराला कुलूप लावून आलीस ना?

वर्षाराणी: हो. किल्ली हेलन आजीकडं दिलीय.

तुळजाबाई: मग पंच्याण्णवच सांग, बद्री. आन समद्या उंबऱ्यांच्या मुठी पडल्या, मला आता तांब्याभर पाणी दे.