दोन नंबरवरचा पंखा

हसू नका, पण सांगतोच. जन्मभर पोरांना पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं म्या, आन् घरात आमच्या पंख्यानं माझी इज्जत घालवली. दोन नंबरवर ठेवला की गुंऽऽ करायचा. बायकोची रोज कटकट. मी समजवायचो, “अगं, रेग्युलेटरात ट्रायॅक असतो. तो विजेची लाट कापत राहतो, म्हणून पंखा गुणगुणतो.”

“मग तुमच्या ट्रायॅकला सांगा की, नीट काप म्हणावं!”

लेकीच्या बाळंतपणाला ती पुण्याला गेली. म्हटलं, येईपर्यंत तिला खूश करू. नवा बीएलडीसी पंखा बसवला. त्यात ट्रायॅकऐवजी मॉस्फेट असतात, आवाज म्हणून न्हाय. पण झालं काय, घरच लई गप्प झालं. दुपारची झोप येईना.

असाच लोळत पडलो होतो, तर तिचा फोन. “अहो, इथं एसी हाय, सगळं गार हाय, पण डोळा लागंना बघा. जरा फोन आपल्या पंख्याजवळ धरा की.”

आता काय सांगू? फोन तोंडाजवळ धरला आन् मीच सुरू झालो, “गुंऽऽऽ...”

“तीनवर हाय व्हय? दोनवर करा.”

आवाज बारीक केला. पण या वयात दम कितीक पुरणार? ठसका लागला. वाटलं, आता ही हसंल.

हळूच म्हणाली, “तुमच्या ट्रायॅकला घोटभर पाणी पाजा, आन् परत चालू करा.”